१५ ऑगस्टची ग्रामसभा चुकवू नका

एटापल्ली, अहेरी आणि चामोर्शी तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

येत्या १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा आहे. त्या दिवशी बांधीतले काम दोन तास बाजूला ठेवा आणि सभेला या. सुरजागडच्या लोहखनिजातून आपल्या गावाच्या पदरात काय पडले, हे विचारायची हीच जागा आहे.

सुरजागडच्या डोंगरावरचा सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथल्या गाड्या जाळल्या आणि पुढची काही वर्षे काम रखडले. २०२१ पासून उत्खननाने जोर धरला, २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची परवानगी मिळाली. कोनसरीला कारखाना आला. १ जानेवारी २०२५ ला तिथे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कामगारांना कंपनीचे शेअर दिले गेले. ज्या भागात तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की हाताला काम नसायचे, तिथे महिन्याचा पगार येऊ लागला. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण नोकरी मिळाली ती काही घरांना. आलापल्ली-आष्टी मार्गावरची धूळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली. या सगळ्यांसाठीच कायद्याने पैसा ठेवला आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना आहे.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन बसते. खाणपट्टा २०१५ च्या आधीचा असेल, तर त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम कंपनीला प्रतिष्ठानकडे वेगळी भरावी लागते. सुरजागडचा पट्टा आधीचाच आहे. आता हिशेब करा. टनाला ३ हजार रुपये भाव धरला, तर स्वामित्वधन ४५० आणि प्रतिष्ठानचे १३५ रुपये. म्हणजे ३० टन माल भरलेली एक गाडी तुमच्या दारावरून गेली, की खाणबाधितांच्या नावे ४ हजार ५० रुपये जमा व्हायला हवेत. दिवसाला किती गाड्या जातात, ते तुम्ही रोज पाहताच.

हा पैसा कंपनीचे दान नाही आणि कुण्या पुढाऱ्याची मेहेरबानीही नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित धरला जातो. निधीतला किमान ७० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण अशा निकडीच्या कामांवर करायचा असतो. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते आणि झालेल्या कामांचा अहवाल दर आर्थिक वर्ष संपल्यावर ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. आपण मागितला नाही, तर कोण आणून देणार?

म्हणून सभेत हे तीन ठराव घ्या:

१. गेल्या तीन वर्षांत खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून आपल्या गावात कोणती कामे झाली, त्यांचा खर्चासह लेखी अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयाने द्यावा.

२. खाण, वाहतूक आणि कारखान्यात आपल्या तालुक्यातले किती जण आहेत, त्यांतले कायम किती, ठेकेदाराकडे किती आणि कोणत्या पदावर, ही यादी कंपनीने गावनिहाय द्यावी. राज्याच्या औद्योगिक धोरणात ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. त्यामुळे ८० टक्के स्थानिक एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. तालुका विचारा.

३. पुढच्या वर्षाच्या निधीतून आधी शुद्ध पाणी, दवाखान्यात डॉक्टर आणि आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनच्या जागा. गेटवर पहारा देण्यापलीकडची कामे आपल्या मुलामुलींना मिळायची, तर शिक्षण आजच सुरू व्हायला हवे. खनिज कधीतरी संपेल, हातातला हुन्नर संपत नाही.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या तरुणांनो, तुम्हीही या. नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळाला आहे का, ते सभेत सांगा. एकट्याने विचारले तर कामावरून काढतील ही भीती रास्त आहे, म्हणूनच हा प्रश्न गावाने विचारायचा.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. घरातल्या बाया आल्याच पाहिजेत, कारण पाणी त्याच भरतात. ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या, तो वाचून दाखवायला सांगा, मगच सही किंवा अंगठा करा आणि त्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. गोंडी, माडिया बोलणाऱ्यांसाठी शेजारी कुणी समजावणारा बसवा.

डोंगर गावाच्या डोळ्यांदेखत उतरतो आहे. त्याचा हिशेबही गावासमोरच झाला पाहिजे. १५ ऑगस्टला या आणि शेजारच्या घरालाही घेऊन या.