कंबर धरली की लगेच एमआरआय?

आज पिकाचं नाही, कंबरेचं लिहितो.

ट्रॉलीतून डीएपीची 50 किलोची गोणी एकट्यानं उतरवली आणि कंबरेत उसण भरली. चौथ्याच दिवशी लोकांच्या सांगण्यावरून एमआरआय काढला. रिपोर्टात लिहिलं, एल-4 एल-5 मधली गादी बाहेर आलीय. झालं! शनिवारी काष्टीच्या बाजारात दुभती गाय नेऊन ऑपरेशनला पैसे उभे करायचे, इथपर्यंत घरात बोलणं गेलं. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, तरीही.

दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. उताणं झोपवून पाय सरळ उचलून बघितला, अंगठ्याची ताकद बघितली, टाचांवर चालवलं. म्हणाले, या वयात असे रिपोर्ट येतातच, हिंडत-फिरत राहा. महिन्यात बरा झालो. गाय गोठ्यातच आहे.

एक्स-रेत हाडं दिसतात, गादी आणि नस नाही. एमआरआयत त्या दिसतात, म्हणून मशीन चांगलंच. पण दिसतंय तेच दुखतंय, असं ते सांगत नाही. अमेरिकेत 1994 साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचा एमआरआय काढला होता. निम्म्याहून जास्त जणांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली! ऊस हिरवागार उभा असताना नुसता माती परीक्षणाचा कागद बघून आपण तो मोडतो का?

आता उलटी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. आमच्या भावकीतल्या एकाचा पंजा उचलेना, चालताना पायातली चप्पल निसटायची. त्यानं चोळण्यात महिना घालवला. पंजा अजून पुरता उचलत नाही. पायातली ताकद जात असेल तर वाट बघू नका. लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, आधी कॅन्सर झालेला असेल किंवा उंचावरून पडला असाल, तरी लगेच दाखवा. नुसती उसण असेल तर सहा आठवडे दम धरा. तेवढ्यात कळ हटली नाही, तर डॉक्टरांना विचारून खुशाल काढा. पेसमेकर असेल तर आधी सांगा, मशीन चुंबकाचं असतं.

मी आता गोणी दोघांत उचलतो आणि फवारणीचा पंप अर्धाच भरतो. खेपा वाढल्या, वाढू देत.