आकडा बघू नका, मूल बघा

विज्ञानाच्या तासाला आपण विकरं शिकवतो, पण कावीळ झालेल्या मुलाचा रिपोर्ट वाचायला शिकवत नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं विकर. विषाणूमुळे पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. एरवी साधारण 40च्या आत असणारा आकडा हिपॅटायटिस एमध्ये हजारापुढेही जातो. पण तो फक्त इजा सांगतो, विषाणूचं नाव नाही. डेंग्यूतही तो वाढतो. नाव कळायला अँटीबॉडीची तपासणी लागते. हिपॅटायटिस एची कावीळ बहुतेक मुलांत आपोआप बरी होते, आकडा उतरतो आणि श्रेय गळ्यातल्या माळेला मिळतं! पण पालकांनो, पेशीच उरल्या नाहीत तरीही आकडा उतरतो. मूल गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर लगेच हॉस्पिटल गाठा.