डोळ्यात वीज चमकली, तर थांबू नका

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी उभी असताना डोळ्यापुढे काळे ठिपके नाचू लागले, तर शेतकरी डोळे दाखवायला परभणी गाठत नाही. ‘दोन दिवसांनी बघू’ म्हणतो. हे दोन दिवस महागात पडू शकतात.

वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा द्रव आकसतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटतो. बहुतेकांना त्याने काहीच होत नाही. पण अचानक ठिपके वा प्रकाशाच्या रेषा दिसू लागलेल्या सात-आठ जणांपैकी साधारण एकाचा पडदा फाटलेला आढळतो. चष्म्याचा जास्त मायनस नंबर असलेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना धोका अधिक.

फट वेळीच सापडली, तर लेसरने किंवा गोठवून तिच्या कडा चिकटवतात. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. फटीतून पाणी शिरून पडदा सुटला, की मोठी शस्त्रक्रिया लागते आणि गेलेली नजर पूर्ण परतेलच असे नाही.

म्हणून मोतीबिंदू शिबिरांत प्रत्येक रुग्णाला ही लक्षणे समजावून सांगायला हवीत, आणि बाहुली मोठी करून पडदा तपासण्याची व लेसरची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कायम हवी. ठिपके अचानक वाढले, वीज चमकली, पडद्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.