परतायचं खरं, पण कोणाच्या जिवावर?

परदेशात हयात काढलेल्या मराठी माणसांपुढे निवृत्तीच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो : उरलेलं आयुष्य तिकडेच काढायचं की घरी परतायचं? अमेरिकेने १९६५ साली देशवार कोट्याचा जुना कायदा मोडीत काढला. त्यानंतर डॉक्टर-इंजिनिअरांची जी पहिली मोठी लाट तिकडे गेली, ती आज सत्तरी-ऐंशीत आहे. नव्वदीत संगणकाच्या कामासाठी गेलेले आता पंचावन्न-साठीला आले आहेत. त्यामुळे या प्रश्नावर लेख येतात, परिसंवाद होतात, बिल्डरांच्या जाहिराती झळकतात. या चर्चेत डॉलरचा भाव असतो, आयकर असतो, पुण्याची हवा आणि पुण्याची रहदारी असते, ‘आपली माणसं’ आणि ‘आपली संस्कृती’ असते. नसते ती बाई. म्हणजे असते, पण ‘आम्ही’ या शब्दाच्या पोटात. ‘आम्ही ठरवलं’, ‘आम्ही परतलो’. मैत्रिणींनो, हे ‘आम्ही’ एकदा फोडून बघायला हवं.

मी पुण्यात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. या प्रश्नातल्या तीन बाजूंच्या बायका माझ्यासमोर येऊन बसतात. नवऱ्याबरोबर परतलेली बायको, इथेच राहिलेली बहीण किंवा भावजय, आणि त्यांच्या घरी सेवेला येणारी बाई. या तिघींचं म्हणणं एकमेकींशेजारी ठेवलं की एक गोष्ट लख्ख दिसते. घरी परतणं स्वस्त आणि सुखाचं वाटतं ते या तिघी त्याची किंमत भरतात म्हणून. आणि ही किंमत कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

आधी बायकोचा हिशेब मांडू. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला चाळीस क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी हवी. पेन्शनची रक्कम ठरते ती सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांवर. पस्तीस भरली नाहीत, तर उरलेल्या प्रत्येक वर्षापुढे शून्य मांडतात. बारा वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या नावापुढे तेवीस शून्यं! त्या तेवीस वर्षांत तिने काय केलं? मुलं वाढवली, चार वेळा नवऱ्याच्या बदलीपायी घर हलवलं, भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांची सहा-सहा महिने उस्तवार केली. सरकारच्या लेखी, शून्य. पुष्कळजणींना तर नोकरी करायची कायद्याने मनाई होती. नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे एच-४ वर गेलेल्या बायकांपैकी काहींना कामाची परवानगी मिळू लागली ती २०१५ सालापासून. त्याआधी इथे बँकेत, शाळेत, प्रयोगशाळेत कमावत्या असलेल्या बायका तिकडे जाऊन एका सहीनिशी ‘अवलंबित’ झाल्या.

अशा बाईला नवऱ्याच्या नोंदीवर त्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते, हे खरं. पण त्याने स्वतःचं पेन्शन सुरू केल्याखेरीज तिचं सुरू होत नाही. घटस्फोट झाला असेल तर लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं. थोडक्यात, तिचं म्हातारपण नवऱ्याच्या नोंदीला टाचलेलं आहे.

कोणी म्हणेल, कायदाच तसा, करायचं काय? पण कायदा सगळीकडे तसा नाही. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालचं मूल सांभाळणाऱ्या आईला, चाइल्ड बेनिफिटसाठी नाव नोंदवलं असेल तर, त्या वर्षांचं क्रेडिट पेन्शनसाठी मिळतं. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पेन्शनच्या हिशेबात धरतात. म्हणजे मूल वाढवणं हे काम आहे असं सरकारला म्हणता येतं. शून्य मांडायचं की नाही, हा निर्णय असतो.

आता परतण्याचा हिशेब. पासष्टीनंतरचा मेडिकेअरचा विमा मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही. म्हणून बरेचजण त्यातल्या डॉक्टरच्या खर्चाच्या भागासाठी नावच नोंदवत नाहीत आणि इकडे येतात. पुढे कधी परत जावंसं वाटलं, तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी चढतो, आणि तो बहुधा कायमचा. ग्रीन कार्डावर असलेली बाई आधी परवाना न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिली तर ते कार्डच धोक्यात येतं. बायका सहसा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि त्याच्यामागे काही वर्षं जगतात. म्हणजे परतण्याचा निर्णय घेतो तो, आणि त्या निर्णयात शेवटची दहा-पंधरा वर्षं एकटी राहते ती. त्या वर्षांत तिला तिकडे लेकीजवळ जावंसं वाटलं तर दार उघडं असेल का, हा प्रश्न ‘कुठे निवृत्त व्हावं’ या एकाही परिसंवादात मी ऐकलेला नाही.

घराचंही तेच. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नानंतरच्या कमाईत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा असतो. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक असते. आणि महाराष्ट्रात? इथे लग्न झाल्यामुळे बायकोला नवऱ्याच्या घरात आपोआप मालकी मिळत नाही. खरेदीखतावर ज्याचं नाव त्याचं घर. तिकडचं घर विकून, त्यातली अर्धी कमाई तिची असताना, पैसे पुण्याच्या फ्लॅटमध्ये घातले आणि कागदावर नाव एकट्या नवऱ्याचं लागलं, की तिचा अर्धा हिस्सा समुद्र ओलांडताना बुडाला म्हणून समजा! ‘माझं ते तिचंच की’ असं म्हणणारे गृहस्थ मी पुष्कळ पाहिले आहेत. तिचंच असेल तर नाव घालायला हरकत कसली? मृत्युपत्राशिवाय हिंदू नवरा वारला तर बायको, मुलं आणि नवऱ्याची आई हयात असेल तर तीही, सारख्या वाट्याने वारस होतात. ज्या स्वयंपाकघरात तिचे हात झिजले, त्यात तिचा वाटा तिसरा किंवा चौथा.

दुसरी बाई आहे ती इथे राहिलेली बहीण किंवा भावजय. भाऊ तीस वर्षं तिकडे होता. आईचं मोतिबिंदूचं ऑपरेशन, वडिलांचं पक्षाघातानंतरचं अंथरूण, रात्री-अपरात्रीची रिक्षा, औषधांच्या वेळा, हे सगळं हिने केलं. भाऊ पैसे पाठवत होता, रविवारी फोन करत होता, आणि नातेवाईक म्हणत होते, ‘मुलाने आईबापांना काही कमी पडू दिलं नाही.’ महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. साऱ्या देशाला तो २००५ साली मिळाला. कायदा झाला आणि त्याच्या पाठोपाठ घरोघरी हक्कसोडपत्रं तयार झाली. ‘तुला काय कमी आहे? माहेर तुटायला नको.’ सही झाली. आता भाऊ निवृत्त होऊन परततो, घर पाडून नवं बांधतो आणि मुळं शोधल्याचं समाधान मिळवतो. त्या मुळांना तीस वर्षं पाणी घालणारी मात्र तिथे पाहुणी! आणि त्याचं दुखलंखुपलं तर पहिला फोन पुन्हा तिलाच जातो, तीही आता पासष्टीची झालेली असली तरी.

तिसरी बाई या चर्चेत दोनच शब्दांत येते : ‘माणसं मिळतात.’ ‘तिकडे सगळं स्वतः करावं लागतं हो, इथे माणसं मिळतात.’ ही माणसं म्हणजे बायका. बारा तासांची ड्यूटी, नाहीतर चोवीस तासांची. म्हाताऱ्याला उचलणं, डायपर बदलणं, रात्री चार वेळा उठणं. पगारातून ब्यूरोचं कमिशन कापलं जातं. सुट्टी मागितली तर बदली बाई स्वतः आणून द्यायची. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण तो कल्याणाच्या योजनांचा आहे. तिच्या कामाचे तास आणि आठवड्याची रजा मालकाच्या मर्जीवरच आहे. घरकामगारांना इतर कामगारांसारखे हक्क देणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पुण्यातलं म्हातारपण अमेरिकेपेक्षा स्वस्त का, याचं उत्तर इथे आहे.

केंद्रात येणाऱ्या एकीने नऊ वर्षं कुवेतमध्ये घरकाम केलं. तीही ‘परदेशातून परतलेली’च. तिला कोणी विचारलं नाही, कुठे निवृत्त व्हायचं. करार संपला, व्हिसा संपला, विमानात बसवलं. आखातात परक्या मजुराला म्हातारं होण्याची मुभाच नसते. आज ती पुण्यात दुसऱ्यांची म्हातारपणं उचलते. तिचं कोण उचलणार?

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप, ‘बायकांनाच परतायचं असतं, पुरुष तर तिकडेच रमतात.’ काहींना असतं, नक्कीच. भाषेची, मैत्रिणींची, गजबजीची ओढ खोटी नाही. माझा विरोध परतण्याला नाही, न विचारता गृहीत धरण्याला आहे. काहींना परतायचं नसतंही. तिकडे त्या स्वतः गाडी चालवतात, ग्रंथालयात काम करतात, आणि नवरा गेल्यावर कपाळाकडे कोणी बघत नाही. इकडे आल्यावर त्या पुन्हा कोणाच्या तरी वहिनी, काकू, सूनबाई होतात. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद व्हावं म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली ठराव करावा लागला. ज्या समाजात असा ठराव लागतो, तिथे परतायला बाई दचकली तर तिला ‘तिकडची झाली’ म्हणून हिणवू नये.

दुसरा आक्षेप, ‘मग तिकडच्या वृद्धाश्रमात मरायचं का?’ तिकडेही म्हाताऱ्यांची सेवा मुख्यतः बायकाच करतात, त्यातल्या पुष्कळ फिलिपिन्स आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या. तिकडे स्वर्ग आहे असं मी म्हणतच नाही. म्हातारपणाचं ओझं दोन्हीकडे बाईच्याच खांद्यावर आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या भारतीय बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवताना आढळल्या, आणि पुरुष ८८. नवरा निवृत्त झाला म्हणून या आकड्यातली बायकोची मिनिटं कमी होत नाहीत. तो घरी बसल्यावर दुपारचा एक चहा वाढतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. परतण्याचा निर्णय होण्याआधी बायकोने आपली सोशल सिक्युरिटीची नोंद स्वतः काढून वाचावी. काही क्रेडिट कमी पडत असतील तर ती भरेपर्यंत सामान बांधू नये. इथलं घर दोघांच्या नावावर व्हावं. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली एकट्या बाईच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. डॉलर वाचवायला शिकलेल्यांना हे सांगायला लागू नये. मृत्युपत्रं दोघांचीही व्हावीत आणि तिने ती वाचलेली असावीत. नवरा गेल्यावर तिला कुठे राहायचंय, हे तो हयात असताना बोललं जावं. ज्या बहिणीने आईबापांचं केलं तिचा हक्क सोडून घेऊ नये, आणि बहिणीनेही ‘माहेर तुटेल’ या धाकाने सही करू नये. सेवेला येणाऱ्या बाईला लेखी करार, आठवड्याची पगारी सुट्टी आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी दरमहा वेगळी रक्कम मिळावी. हे परवडत नसेल, तर निवृत्ती परवडत नाही असं समजावं. आणि संघटना म्हणून आपण ब्यूरोंची नोंदणी व कामाच्या तासांचा कायदा यासाठी उभं राहायला हवं.

घरी परतणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत आहे. फक्त येताना विचारून या, आणि हिशेब बरोबर घेऊन या. तिघींचाही.