मिठागरातील जीव आणि खर्चाचा हिशेब

शास्त्रज्ञांच्या परिषदा भरतात, निबंध वाचले जातात, चर्चा झडतात. आणि सार्वजनिक पैशाबद्दल जागरूक असलेला नागरिक विचारतो, की यातून हाती काय लागले? प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर किती मुदतीत मागावे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. 1981 च्या उन्हाळ्यात तत्कालीन पश्चिम जर्मनीतील म्युनिक येथे भरलेली आर्किया या जीवांविषयीची पहिली परिषद या दृष्टीने उद्बोधक ठरते.

आर्किया हे एकपेशीय सूक्ष्म जीव. ते उकळत्या झऱ्यांत, मिठागरांत, दलदलीत आणि गाईम्हशींच्या पोटात आढळतात. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन वायू निर्माण करण्याचे अखेरचे काम तेच करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखे दिसत असल्याने त्यांची गणना दीर्घकाळ जिवाणूंतच होत असे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे कार्ल वोझ यांनी सुमारे दहा वर्षे निरनिराळ्या जीवांच्या आरएनए रेणूंची तुलना केली आणि 1977 मध्ये जॉर्ज फॉक्स यांच्यासह जाहीर केले, की हे जिवाणू नव्हेतच. ही जीवसृष्टीची तिसरीच शाखा आहे. वार्ता वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली. विद्वानांनी मात्र तिची उपेक्षा केली. वोझ यांचे सहकारी राल्फ वुल्फ यांना तर नोबेल पारितोषिकाचे मानकरी साल्व्हादोर ल्युरिया यांनी दूरध्वनी करून या ‘खुळापासून’ दूर राहण्याचा सल्ला दिला होता.

म्युनिकच्या परिषदेचे महत्त्व येथेच आहे. वोझ यांचा पुरावा एका रेणूपुरता होता. परंतु ओटो कांडलर यांना याच जीवांच्या पेशीभित्तिकेत जिवाणूंचे नेहमीचे द्रव्य आढळले नव्हते. वोल्फ्राम झिलिग यांना त्यांच्यातील आरएनए घडवणारे विकर जिवाणूंपेक्षा वनस्पती व प्राणी यांच्या विकराशी अधिक मिळतेजुळते दिसले होते. वेगवेगळ्या वाटांनी निघालेले संशोधक एकाच ठिकाणी पोहोचले होते, आणि परिषदेमुळे त्यांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहता आल्या. एकाकी माणसाचे मत शास्त्राचा सिद्धान्त होते ते अशाच मार्गाने. 1990 मध्ये वोझ, कांडलर व मार्क व्हीलिस यांनी जीवसृष्टीचे तीन अधिक्षेत्रांत वर्गीकरण मांडले. 2015 मध्ये ग्रीनलंड व नॉर्वे यांच्या दरम्यानच्या सागरतळाच्या गाळात अशा आर्कियांचा माग लागला, की ज्यांचे मानवी पेशीच्या पूर्वजांशी निकटचे नाते संभवते.

ज्ञान वाढले, पण उपयोग काय, असे कोणी म्हणेल. स्पेनमधील फ्रान्सिस्को मोहिका यांचे उदाहरण त्यास पुरेसे उत्तर आहे. अलिकांते परिसरातील मिठागरांत राहणाऱ्या एका आर्कियाच्या जनुकद्रव्यात पुन्हा पुन्हा येणारा विलक्षण क्रम त्यांना आढळला. 1993 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. विषाणूंशी लढण्याची ही यंत्रणा आहे, हा त्यांचा निष्कर्ष अनेक नियतकालिकांनी नाकारल्यानंतर 2005 मध्ये छापला गेला. पुढे जिवाणूंतील याच यंत्रणेपासून जनुकात हवा तसा बदल करण्याचे ‘क्रिस्पर’ तंत्र विकसित झाले. त्यासाठी 2020 चे नोबेल एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डौडना यांना मिळाले. विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांना ज्याची झळ पिढ्यान् पिढ्या लागली आहे, त्या सिकल सेल आजारावर या तंत्राने सिद्ध झालेल्या उपचारास 2023 मध्ये ब्रिटनने प्रथम मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवण्यात आली, म्हणजे ज्यांना गरज सर्वाधिक त्यांच्यासाठी तो आज तरी स्वप्नवतच आहे.

या व्यवहारात पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, असा अन्याय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. किमतीवर नियंत्रण आणि सार्वजनिक वाटा यांचा आग्रह धरलाच पाहिजे. परंतु त्यावर पेरणीच बंद करणे हा उपाय नव्हे. मिठागरातील जीवाचा अभ्यास करण्यास 1993 मध्ये कोणता कारखानदार पुढे आला असता? ज्या लाभाचा मालक आधी ठरवता येत नाही, त्यावर बाजार पैसा लावत नाही. म्हणूनच ते काम शासनाकडे येते.

नेमका येथेच आज हात आखडता घेतला जात आहे. वोझ यांच्यासारख्यांना आधार देणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीत निम्म्याहून अधिक कपात करण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये तेथील प्रशासनाने मांडला होता. भारताचा संशोधनावरील खर्च 2020–21 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा 0.64 टक्के होता. चीनचा त्या सुमारास दोन टक्क्यांहून अधिक होता. प्रत्येक प्रकल्पास ‘तात्काळ उपयोग’ विचारण्याची प्रथा दृढ झाली, तर या तुटपुंज्या रकमेतूनही केवळ ठाऊक असलेल्या गोष्टीच पुन्हा सिद्ध होतील. आंब्याची कोय लावणारा पहिल्याच वर्षी फळ मागत नाही. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी एवढा धीर अंगी बाणवला, तरी पुष्कळ साधेल.