काड्या करणारा माणूस

जून उजाडला की आमच्या सोसायटीत दोन पूर येतात. एक तळमजल्यावर आणि दुसरा मोबाइलवर. तळमजल्यावरचा दोन दिवसांत ओसरतो. मोबाइलवरचा काही केल्या हटत नाही. "आंबे खाऊन झाल्यावर कोयी टाकू नका, स्वच्छ धुवा, उन्हात खणखणीत वाळवा, गाडीत ठेवा, आणि प्रवासात मोकळा माळ दिसला की भिरकावा," असा तो मजकूर. खाली हात जोडलेले आणि पाच-सहा हिरवी झाडं. परवा एका दिवसात हा उपदेश मला चौदा जणांनी केला. त्यांतल्या नऊ जणांकडे गाडीच नाही.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मात्र सांगितलं की करून मोकळ्या होणाऱ्या. गच्चीवर गेलो तर पापडांच्या शेजारी दीडशे कोयी ओळीनं ऊन खात पडलेल्या.

"वहिनी, या गेल्या हो," मी म्हणालो.

"कुठं गेल्या? दीडशेच्या दीडशे आहेत. आत्ताच मोजल्या."

"तशा नाही. मेल्या."

त्यावर वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या माहेरचं कुणी गेल्याची बातमी आणली असावी. पण खरं ते बोलायलाच हवं. आंब्याची कोय म्हणजे तुरीचा दाणा नव्हे. वाल, घेवडा, नाचणी यांचं बी वाळवून, राख चोळून गाडग्यात घातलं की ते पुढल्या मृगापर्यंत सुखानं झोप काढतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरोघरचं गावठी बियाणं गोळा करून बियाण्यांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा आम्हांला कोण आनंद झाला! पण आंब्याचं गाडगं भरता येत नाही. कोय ओली असते, ओलीच रुजते आणि वाळली की मरते. महिन्या-दीड महिन्यात ती मातीत गेली नाही तर संपलीच म्हणायची. म्हणजे धुऊन, वाळवून, पिशवीत घालून तुम्ही माळावर जे भिरकावता तो निव्वळ कचरा. फक्त धुतलेला.

आता तुम्ही म्हणाल, बरं बुवा, नाही वाळवत. ओलीच फेकतो. मग तरी झालं?

नाही झालं! माझं खरं भांडण इथंच आहे आणि ते माझं माझ्याशीही आहे.

सिंधुदुर्गात आमच्या घरामागे एक रायवळ आंबा होता. नाव शेप्या. फळाला शेपूचा वास यायचा म्हणून शेप्या. आमच्या वाडीत रायवळांना माणसांसारखी नावं असत : खोबऱ्या, शेंदऱ्या, केळ्या, गोटी. शेप्याचं फळ जेमतेम मुठीएवढं, आत दोरखंडाएवढे धागे. तो कापायचा नसे. देठाकडचा चीक पिळून टाकायचा, मऊ करायचा आणि कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर चोखायचा. आजी त्याचं रायतं करायची. ते रायतं खाल्लेला माणूस पुढं पंचतारांकित हॉटेलात जेवला तरी अर्धपोटीच उठणार. (मी एकदा जेवलो आहे. कंपनीच्या खर्चानं.)

२००६ साली आम्ही शेप्या विकला. छप्पर गळत होतं, पैसे हवे होते. ठेकेदारानं नऊ हजार दिले. कागदावर तीन सह्या आहेत. तिसरी माझी. आंब्याच्या लाकडाची खोकी करतात. तेव्हा त्यातल्या एखाद्या खोक्यात बसून कुणाचा तरी हापूस मुंबईला गेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि कदाचित मीच तो डझनावारी विकत घेतला असेन.

मी त्यातल्या त्यात हुशार. शेवटच्या आंब्यांच्या तीन कोयी ओल्याच्या ओल्या विहिरीमागे पुरल्या. एक वाढली. अकरा वर्षं वाट पाहिली. २०१७ साली पहिली सात फळं धरली. मी रजा टाकून, सौ.ला घेऊन गावी गेलो. सगळे ओट्यावर जमले. आंबा पिळला, तोंडाला लावला.

काकडी बरी, असा आंबा! वर आंबट. शेपूचा मागमूस नाही.

"कोय शेप्याचीच होती रे," मी चुलतभावाला म्हणालो.

"आवस खरी," तो शांतपणे म्हणाला, "पण बापूस कोण, तो देवाक ठावक."

एका वाक्यात त्यानं मला वनस्पतिशास्त्र शिकवलं. आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात, याचा पराग त्याला आणि त्याचा याला करतात. त्यातून जी कोय होते तिच्यातलं पोर स्वतंत्र वळणाचं. केरळच्या बाजूला काही आंबे असे आहेत, की त्यांच्या एका कोयीतून चार-पाच कोंब येतात आणि त्यांतले बहुतेक हुबेहूब आईवर जातात. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांत ती सोय नाही. म्हणजे शेप्या जगात एकच होता. त्याला पुन्हा आणायचा एकच मार्ग होता : तोडण्यापूर्वी त्याची एक काडी घेऊन दुसऱ्या रोपावर कलम बांधणं. नऊ हजार मोजताना हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

आता हापूसवाल्यांकडे वळतो. हापूस मीही खातो, आणि उधारीवर खातो. पण त्याच्या खानदानाच्या गप्पा मारू नका. अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून याचं नाव पडलं. गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी कलमांची विद्या पसरवली, तिच्यातून हा थोर झाला. त्याआधी? त्याआधी हापूस हाही कुठल्या तरी कोयीतून उगवलेला, बापाचा पत्ता नसलेला रायवळच होता! कुणाला तरी तो आवडला आणि त्यानं काडी घेतली. शेप्याची कुणी घेतली नाही. कुळाचा फरक म्हणाल तर एवढाच.

बरं, आजच्या हापूसचे पाय कुणाचे? रायवळाचे! खाली खुंट रायवळाच्या कोयीचा, वर काडी हापूसची. आणि कोट्यवधी झाडं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे असल्यामुळे खोडही सगळ्यांना एकच. बाहेरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरा साका. तो घालवण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठानं हापूसची सोयरीक दक्षिणेकडच्या नीलमशी जमवली आणि १९८१ साली रत्ना आला. त्यात साका नाही. पुढं त्या रत्नाचं लग्न पुन्हा हापूसशीच लावून १९९२ साली पातळ कोयीचा सिंधू काढला. (आंब्यांच्या धर्मशास्त्रात हे चालतं.) उद्या आणखी काही दुखलं-खुपलं तर सोयरिकीला दुसरं स्थळ शिल्लक हवं की नको? की सगळी स्थळं खोकी करून संपवायची?

म्हणून २०२१ पासून दर जूनमध्ये मी गावी जातो. शाळेच्या पडवीत आम्ही वाडीतली दहा-बारा रिकामटेकडी माणसं जमतो आणि राहिलेल्या रायवळांची कोयकलमं बांधतो. पद्धत सोपी आहे, असं ज्यांनी केली नाही ते म्हणतात. ओल्या कोयी वाफ्यात रुजत घालायच्या. दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप झालं की कोयीसकट अलगद उचलायचं. शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची. जपायच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. काडीवरची पानं मात्र आठ-दहा दिवस आधी खुडून ठेवावी लागतात, म्हणजे डोळा फुगतो. आता साठ फूट उंच रायवळावर तांबड्या मुंग्यांचा पाहुणचार घेत आधी पानं खुडायला चढायचं आणि मग काडी आणायला पुन्हा चढायचं! यासाठी वाडीत एकच मुलगा आहे आणि त्याला कणकवलीत नोकरी लागली आहे.

पहिल्या वर्षी मी चाळीस कलमं बांधली. जगली सहा. पलीकडच्या रोपवाटिकेचा मालक बघायला आला होता. तो म्हणाला, "काका, अशानं आंबा तर वाचणार नाहीच, खुंटही मरतील." दुसऱ्या वर्षी सतरा जगली. तो आता काही बोलत नाही. पट्ट्या मात्र उसन्या देतो.

लोक विचारतात, याला भाव येईल का? नाही येणार. योजना आहे का? नाही. मग कशाला? याला माझ्याकडे रायत्यापलीकडे उत्तर नाही. कर्नाटकात मलनाडच्या शेतकऱ्यांनी लोणच्याच्या अप्पेमिडीच्या कितीतरी जाती अशाच कलमं बांधून आपापल्या बागेत राखल्या आहेत. त्यांना लोणचं प्यारं, आम्हांला रायतं. सौ. सगळ्यांना सांगते, "काड्या करायची सवय यांना पहिल्यापासूनच होती. निवृत्तीनंतर त्यांनी ती झाडांकडे वळवली, एवढंच."

कोयी फेकणाऱ्यांवर माझा राग नाही. फेका, पण ओल्या असताना माझ्याकडे फेका. मला खुंटाला हव्यात. वहिनींना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी गच्चीवरच्या दीडशे केरात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी ताज्या साठ कोयी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणून दिल्या. घरभर वास सुटला आहे. सौ. पिशवी बाल्कनीत ठेवा म्हणते, आणि बाल्कनीत चिलटं जमतात म्हणून शेजारी ओरडतात.

पण त्या मला घेऊन जायच्याच आहेत. खोबऱ्याच्या बुंध्यावर यंदा ठेकेदाराचा लाल आकडा पडलाय. मालक पाऊस उघडेपर्यंत थांबतो म्हणालाय. चढणारा मुलगा फक्त रविवारी मोकळा असतो. म्हणजे येत्या रविवारी पानं खुडायची, पुढच्या रविवारी काड्या घ्यायच्या. खोबऱ्याच्या वाटणीला रोपं शेंदऱ्याच्या कोयींची येतील. ती परवापासून रुजत घातली आहेत. या साठ कोयींची पाळी केळ्याची. गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. वरचा बर्थ मिळालाय, कोयींना खालचा हवा होता.