समुद्र नाही, म्हणून वारसाही नाही?

मुंबईत चार दिवस राहून आलेल्या आमच्या एका विद्वान नागपूरकराने परवा परिसंवादात निकाल देऊन टाकला. वारसा म्हणजे फोर्ट, मरीन ड्राइव्ह, राजाबाई टॉवर. बंदर नाही तिथे व्यापार नाही, व्यापार नाही तिथे पैसा नाही, पैसा नाही तिथे इमारती कुठून येणार? नागपुरात उरल्यात त्या साहेबाच्या कचेऱ्या. पाडा आणि रस्ते रुंद करा. टाळ्याही पडल्या म्हणे. टाळ्यांना काय लागतं बाप्पा!

गुलामीच्या खुणा पुसायच्या तर सुरुवात फोर्टपासून करावी लागेल; तिथे मात्र महाशय सेल्फी काढून आले. रस्त्यांचं म्हणाल तर वाहतूक जुन्या भिंतींनी कमी आणि भिंतींपुढे आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांनी जास्त अडते.

बंदराचा मुद्दा मात्र असा सोडता येत नाही. त्या बंदरातून जहाजांत भरलं काय जात होतं? कापूस! 1853 साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला, तो काही तिथली हवा मानवते म्हणून नव्हे. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद कापसाचेच बडे व्यापारी. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला टेकली, ती काय आमचं पोहे-तर्रीचं कौतुक ऐकून? आणि जमशेदजी टाटा? बंदर दाराशी असताना हा माणूस आठशे किलोमीटर आत आला आणि जुम्मा तलावाजवळची दलदल बुजवू लागला. सोनं मातीत घालणाऱ्याला कर्ज देणार नाही, असं म्हणून एका सावकाराने हात वर केले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. 1886 साली तिथे कामगारांसाठी पेन्शन फंडही निघाला. समुद्रकिनाऱ्यावरचे मनोरे बघताना ज्याला त्यामागची काळी कसदार जमीन दिसत नाही, त्याने वारशावर बोलावं? मिल 2002 साली बंद पडली. आज तिथे मॉल आहे. झाला ना रस्ता रुंद!

1956 साली नागपूरचं राजधानीपण गेलं, तेव्हाही अशीच शहाणी मंडळी ‘त्यानं काय बिघडतं’ म्हणत होती. बिघडलं ते असं, की विधान भवनाला खरी जाग हिवाळी अधिवेशनापुरतीच येते. तो वाद काढला तर पान पुरायचं नाही.

मग करायचं काय? इमारती वापरात ठेवा. सावनेरच्या दगडातलं 1925 सालचं रेल्वे स्टेशन रोज हजारोंना पोटात घेतं. हेन्री मेडने आराखडा केलेल्या, 1940 सालच्या हायकोर्टाच्या घुमटाखाली आजही तारखा पडतात. झिरो माइलच्या खांबावर जबलपूर, छिंदवाडा, चांदा, हैदराबाद अशी अंतरं कोरलेली आहेत; शाळेच्या सहली तिथे उतरवा, पोरांना ती वाचू द्या. वारसा-वास्तूंची यादी महापालिकेपाशी आहेच. त्यातल्या एकाही वास्तूवर हातोडा पडण्याआधी तिचा नकाशा आणि पाडण्याचं कारण लोकांपुढे ठेवा. ज्यांना कारण सांगता येत नाही, त्यांनी हातोडा खाली ठेवावा.